लातूर-चार, मुक्काम नांदेड

मी ‘लातूर-चार’ बोलतोय, नांदेडहून. हसू नका, नाव मी ठेवलेलं नाही.

मी एक सर्व्हर, म्हणजे पोरांची परीक्षा घेणारं, त्यांची उत्तरं साठवणारं घरघरणारं काळं खोकं. माझं बारसं लातूरला श्रीपाद सरांच्या क्लासमध्ये झालं. नाव ठेवलं संघपालनं. हा किल्लारीचा, भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात अभ्यास करून शिकलेला. आम्हा वीस यंत्रांचा कारभार त्याच्याकडे. एकेकाला सांगत कोण बसणार? म्हणून त्यानं एका ओळीचा नियम लिहिला: ज्याचं नाव ‘लातूर’नं सुरू होतं, तो लातूरच्या गटात. त्या गटाला दर रविवारी दुपारी दोनला हुकूम सुटे: परीक्षा संपली, जुनं पुसा, नवा पेपर घ्या. कोण कुठं आहे, काय करतोय, हे बघायची पद्धत नव्हती.

मग सरांनी नांदेडला शाखा काढली आणि मला चादरीत गुंडाळून जीपमध्ये घातलं. संघपाल म्हणाला, याचं नाव बदलतो. सर नको म्हणाले. लातूरच्या नावावर तर पालक येतात. त्यांनी मला काचेआड मांडलं, वर नावाची पट्टी लावली. एका आजोबांनी मला नमस्कारही केला. या कौतुकात नियम बदलायचं संघपाल विसरला.

पहिल्याच रविवारी बारा ते तीन परीक्षा होती. पहिल्या येणाऱ्याला वर्षभर फुकट शिकवणी. किनवटच्या वसतिगृहातली महामाया पहाटेच्या गाडीनं आली होती. फीची ऐपत नव्हती, तिला एवढी एकच वाट होती. पोरगी झरझर सोडवत होती. मला तिचं फार कौतुक वाटलं. दोन वाजले, हुकूम आला, आणि मी आज्ञाधारकपणे सगळ्यांची उत्तरं पुसली.

“सर, पुन्हा घ्या परीक्षा. मी थांबते,” ती म्हणाली.

सरांना स्वतःच्या सत्काराला जायचं होतं. फुकट जागा कुणाला ते ठरवायला ते मुलांच्या नावांची यादी घेऊन बसले. “आडनाव काय म्हणालीस?”

तिनं सांगितलं. सर ‘बरं’ म्हणाले आणि त्यांनी यादीवरचं बोट खाली सरकवलं. चौथ्या आडनावावर ते समाधानानं थांबलं.

परीक्षेसाठी लातूरहून आलेल्या संघपालचा चेहरा उतरला. “सर, नाव बघून गट पाडायची रीत मी मशीनसाठी लिहिली व्हती,” तो म्हणाला. सर जिना उतरत होते.

त्याच संध्याकाळी त्यानं नियम बदलला. आता कुठं आहेस, काय करतोस, हे विचारून मग हुकूम येतो. मला सुधारायला अर्धा तास लागला. सर जुन्याच नियमावर चालून राहिलेत.

तुमच्या दारात महामाया आलीच, तर आडनाव विचारण्याआधी गणित घाला. तिची उत्तरं पुसण्याआधी मी वाचली होती.