अप्पांना बसवलं होतं

पुस्तक हातात पडलं तेव्हा मी नांदेडला आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये डबा खात होते. कुमारांसाठीचा कथासंग्रह, प्रकाशक पुण्याचा, आणि अनुक्रमणिकेत माझं नाव. अंजू गुंडप्पा बिराजदार. छापून आलेली माझी पहिली कथा. बाकीच्या बायांनी पेढे मागितले, मी हसले. खरं सांगू? काहीच वाटलं नाही. माझे वडील, अप्पा, गेल्यापासून हे असंच चाललंय. चहात साखर हाय का न्हाई तेसुद्धा कळत नाही.

कथा अप्पांचीच होती. निलंग्याला त्यांचं कापडदुकान. चष्मा नाकावर ओढून दिवसभर पेपर वाचायचे, गिऱ्हाईक आलं तर वैताग. आम्हा लिंगायतांत माणूस गेला की जाळत नाहीत. आंघोळ घालतात, विभूती लावतात, मांडी घालून बसवतात आणि तसंच बसलेलं मातीत ठेवतात. गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर. अप्पांना बसवलं तेव्हा अव्वा, म्हणजे माझी आई, एकदम म्हणाली, "आगं, चष्मा राहिला की त्यांचा!" मीच वाकून तो त्यांच्या डोळ्यांवर चढवला. माझ्या कथेतली मुलगी हेच करते आणि कथा तिथं संपते.

छापलेली कथा तिथं संपत नव्हती. तिच्यात मुलगी चष्मा चितेवर ठेवते, ज्वाळा उसळतात आणि 'बाबांच्या आठवणी धुरासंगे आभाळात विरून' जातात. धुरासंगे म्हणे! माझ्या बापाला सरणावर आडवं केलं, वर वाक्यही नटवलं.

संपादक श्रीपादसरांना फोन लावला. बोलायला गोड माणूस, गोगलगाय न् पोटात पाय.

"अहो अंजूताई, बसवलेलं प्रेत म्हणजे मुलं घाबरतील हो. शिवाय पुरणं म्हटलं की त्यांचा गोंधळ उडतो. म्हणून जरा सर्वसाधारण केलं. बाकी कथा काय सुरेख आहे!"

मला भांडायचं होतं. तोंडातून निघालं, "बरं सर." पायाला मुंग्या आल्यावर चिमटा काढला तरी कळत नाही ना, तसं सगळं अंग झालं होतं.

मग आठवलं, एक प्रत मीच निलंग्याला पाठवायला सांगितली होती. अव्वा चौथी शिकलेली, बोट ठेवून वाचते. तिनं ते पान वाचू नये, एवढंच मला हवं होतं. घाईनं फोन केला.

"आलंय की पुस्तक," ती म्हणाली. "तूच येऊन वाचून दाखव. रविवारी बायांना बोलावते."

नांदेडहून लातूर, लातूरहून निलंगा. बसमध्ये सगळ्या रस्त्यानं माझंच लिहिलेलं शेवटचं पान मनात घोकलं.

घरात गल्लीतल्या बाया जमल्या होत्या. अव्वानं मुरमुऱ्यांचा सुशीला केला होता. मी वाचायला लागले. शेवटचं पान आलं तेव्हा नजर पुस्तकावर ठेवली आणि तोंडानं माझं म्हटलं. मांडी, विभूती, तळहातावरचं लिंग, चष्मा. शेजारच्या शिवम्माकाकूंनी पदरानं डोळे पुसले. "अगं बाई, जसं झालं तस्संच लिवलीस की गं!" अव्वा माझ्याकडंच बघत होती.

बाया गेल्यावर ताटल्या गोळा करता करता म्हणाली, "छापलंय ते वाचलं न्हाईस तू."

माझ्या हातातली ताटली तशीच राहिली.

"आल्या दिवशीच वाचले मी. दोनदा."

"मग बोलली का नाहीस?"

"तू काय करतीस ते बघायचं होतं. लई जपलंस गं मला. पण बाकीच्यांचं काय? जी पोरं हे वाचतील, त्यांच्या लेखी तर तुझा अप्पा जळालाच की."

तिनं माझ्या हातातली ताटली काढून घेतली.

"लाव फोन त्या साहेबाला."

मी स्पीकरवर लावला. अव्वानं मोबाईल तोंडासमोर धरला. "साहेब, मी दानम्मा, अंजूची आई. पोरीची गोष्ट छापली, उपकार झाले. पण आमचा माणूस बसलाय. डोळ्याला चष्मा हाय त्यांच्या."

"हो हो, पुढच्या आवृत्तीत आपण नक्की..."

"आवृत्ती-बिवृत्ती मला कळत न्हाई. आम्ही बसवलेल्या माणसाला उठवून जाळणारे तुम्ही कोण?"

अव्वानं मोबाईल माझ्यापुढं केला. "आता तू बोल. लिवणारी तू हायस."

मी फोन घेतला. "सर, अप्पांना बसवलं होतं," एवढंच म्हणाले आणि माझा बांध फुटला. ते गेल्यापासून पहिल्यांदा रडत होते, हुंदके देऊन, लहान पोरीसारखी. अव्वा पाठीवरून हात फिरवत होती. सर ऐकत होते. फोन मी ठेवला नाही.