बोंबील वाळवायची तार

मी एक जुनी तांब्याची तार आहे. काशीदच्या एका वाडीत नारळ आणि पोफळीच्या मधे टांगलेली असते. समुद्रावर आलेले पाहुणे मला कपडे वाळत घालायची तार समजतात, तेव्हा माझा संताप होतो. मित्रांनो, मी अँटेना आहे.

टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर चांगदेवांनी परीक्षा देऊन सरकारी परवाना मिळवला आणि पडवीच्या कोपऱ्यात घरचं रेडिओ केंद्र मांडलं. एक टेबल, एक संच आणि ट्रकची जुनी बॅटरी. हा रेडिओ नुसता ऐकायचा नव्हे, त्यावरून बोलायचंही. पण बोललेलं दूर पोचवायला मी लागते. चांगदेवांनी मला मधोमध कापून तिथं संचाकडून येणारी केबल जोडली. शेजारचे भागोजी नारळावर चढले, कप्पी बांधली आणि मला वर ओढलं.

पुण्याहून पहिलं उत्तर आलं तेव्हा चांगदेवांच्या पत्नी कमळबाई पिठाच्या हातांनीच धावत आल्या.

"कोण ओ?"

"वळखीचं कोणी न्हाय," चांगदेव हसून म्हणाले, "म्हणून तर मजा हाय."

मला सुखाचे दिवस आले. दरवर्षी पावसाआधी घराला नारळाच्या झावळ्यांची झापं बांधायच्या वेळी चांगदेव मला खाली घ्यायचे, मधला सांधा घासायचे, त्याला चिकटपट्टी गुंडाळायचे आणि पुन्हा वर चढवायचे. एका वादळात सगळे फोन बंद पडले. तेव्हा सारा गाव आमच्या अंगणात जमला आणि 'आम्ही बरे आहोत' हा एकेकाचा निरोप माझ्यातून मुंबईला गेला. कमळबाई सगळ्यांना चहा देत होत्या. कोणीतरी माझ्या दोरीला झेंडूचं फूलसुद्धा अडकवलं. मी फुलून गेले होते, खोटं कशाला बोलू?

मग टेकडीवर मोबाइलचा नवा टॉवर आला. हळूहळू संचावर टॉवेल पडला, टॉवेलवर धूळ पडली. एका वर्षी चांगदेवांनी मला खाली घेतलं आणि वर चढवायचं राहूनच गेलं. मी अंगणात हाताच्या उंचीवर लोंबत राहिले.

"अवो, ही तार नुसतीच हाय," एकदा कमळबाई म्हणाल्या. "बोंबील घालू का वाळत?"

"घाल की. आता कोण बोलतंय तिच्यावर? खिशात फोन हाय."

कमळबाईंनी मला विचारूनच घेतलं, असं मी मानते. दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून त्या ते माझ्यावर टांगायच्या. मिठाचं पाणी माझ्या अंगावरून ओघळून मधल्या सांध्यात जायचं. तिथली चिकटपट्टी केव्हाच सुटली होती.

मागच्या मे महिन्यात पुन्हा वादळ आलं. टॉवरच गप्प झाला. रस्त्यावर झाडं आडवी पडली. आणि दुपारी कमळबाईंच्या छातीत दुखायला लागलं.

भागोजी डॉक्टरांना आणायला पायीच निघाले. चांगदेवांनी माझ्यावरचे बोंबील ओरबाडून काढले, कप्पीवरून मला वर खेचलं आणि संच लावला. संचातून पुण्याचा आवाज आला, "मुरुडच्या बाजूनं कोणी आहे का? मदत हवी असेल तर बोला."

चांगदेव बोलले. ओरडून बोलले. बोट पाठवा, डॉक्टर पाठवा, म्हणाले.

"मुरुडच्या बाजूनं कोणी आहे का?" पुणं पुन्हा विचारत होतं.

त्यांनी माईक बघितला, बॅटरी बघितली. माझ्याकडे बघितलं नाही. ऐकू येतंय म्हणजे तार शाबूत आहे, असं त्यांना वाटलं. पण मित्रांनो, सडका सांधासुद्धा थोडंफार ऐकवतो. बोललेलं मात्र बाहेर जाऊ देत नाही.

कमळबाई पडवीतल्या बाजेवर होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "ते तुमालाच बोलवतायत ना?"

"व्हय," चांगदेव म्हणाले.

भागोजी डॉक्टरांना घेऊन पोचले तेव्हा घरात फक्त संच बोलत होता.

तेराव्यानंतर चांगदेवांनी मला खाली घेतलं. सांधा उघडला. तो हिरवा पडून भुसभुशीत झाला होता आणि त्यात एक बोंबलाचा दात अडकला होता. ते तो दात हातात घेऊन अंगणात बसले. मग त्यांनी मला घासलं, सांध्याला सोल्डरचा नवा डाग दिला, पट्टी गुंडाळली आणि भागोजींना हाक मारून मला वर चढवलं.

त्यांनी संचावरून हाक दिली. पुण्याहून लगेच उत्तर आलं, "आवाज अगदी स्वच्छ येतोय. बोला, काय निरोप आहे?"

चांगदेवांनी पडवीतल्या रिकाम्या बाजेकडे बघितलं. त्यांच्याकडे आता काहीच निरोप नव्हता.

मित्रांनो, तुमच्याही घरी क्वचितच लागणारी एखादी वस्तू असेल. तिच्यावर खुशाल बोंबील वाळवा. कमळबाईंचे हात मला आवडायचे, अजून आठवतात. पण वर्षातून एकदा तिचा सांधा उघडून बघा. ती लागेल त्या दिवशी बघायला वेळ नसतो.