कमी लागाचा टीव्ही

तुरीला शेंगांचा लाग कमी असला की सुदामरावांना अन्न गोड लागत नसे. आणि त्यांची नोकरदार लेक पुनम लातूरच्या दुकानात उभी राहून सांगत होती, "लॅग कमी असलेला टीव्ही दाखवा. गेम खेळायचाय."

चाकूरहून एवढ्या लांब येऊन लेकीनं कमी लाग मागावा, हे त्यांच्या डोक्यात शिरेना. त्यांनी दुकानदाराला हळूच बाजूला घेतलं. "पोरीचं ऐकू नका. लाग भरपूर असलेला काढा."

दुकानदार गोंधळून पुनमकडं बघू लागला. वडलांचं बोलणं पुनमच्या कानावर पडलंच होतं. तिनं कपाळावर हात मारला. "दादा, शेंगांचा लाग न्हाई. बटन दाबल्यावर गेममधल्या गड्याची पडद्यावर उडी पडायला उशीर होतो, त्याला लॅग म्हणतात."

"उशीर कशापायी? बटन तर येळेवरच दाबतात की."

"टीव्ही आधी चित्र सजवत बसतो, मग दाखवतो. गेम मोड लावला की फार सजवत न्हाई."

टीव्हीला नटायला वेळ लागतो, हे काही सुदामरावांना पटलं नाही. तरी पुनमच्या पसंतीचाच टीव्ही घरी आला.

संध्याकाळी ताटं वाढली. सुदामरावांनी हाक मारली, "पुनम, जेवायला ये." पडद्यावरचा गडी बटनासरशी टणाटण उड्या मारत होता. त्यांनी पुन्हा हाक मारली. भाकरी गार झाली, कालवणावर साय आली, तेव्हा कुठं आवाज आला, "आं? काय म्हणलात दादा?"

सुदामरावांनी भाकरी मोडली. "काई न्हाई. टीव्हीला लाग कमीच हाय. तुझ्या कानाला मातर यंदा भरपूर आलाय."