शेजारच्या रेघेतली टिकटिक

सुनेने स्वतः बनवलेल्या श्रवणयंत्राच्या सर्किटवरच्या इवल्या दिव्याचं मिचकावणं मुद्दाम संथ केलं आणि सासऱ्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"आता दमत चाललीय तुझी टिकटिक!" कानातली वायर धरून ते गरजले. जन्मभर मैदानावर पोरांकडून कवायत करून घेतलेला आवाज; कान गेल्यापासून आणखीच चढलेला.

"बाबा, हळू! पाळण्यात झोपलीय ती."

"झोपू दे की! पण आज ही टिकटिक गेली नाही, तर तुझं यंत्र कपाटात. बहिरेपण परवडलं, सूनबाई, कानात घड्याळ नको."

ते बोलल्याप्रमाणे करणारे होते. मोठं बोलणं यंत्रातून कळे. बारीकसारीक सगळं टिकटिकीखाली बुडे. नात तीन महिन्यांची झाली, तिचा हुंकार अजून त्यांच्या कानी पडला नव्हता.

दिवा संथ, तर टिकटिकही संथ. म्हणजे चोर दिव्याच्याच रेघेत. दिव्याला वीज नेणारी ती तांब्याची रेघ मायक्रोफोनच्या रेघेच्या शेजारून बऱ्याच लांबीपर्यंत जात होती. म्हणूनच तर तिने मध्ये तिसरी रेघ आखली होती, कुंपणासारखी. तरी इकडचं तिकडे जातंय कसं?

ओठ चावत तिने मीटरची एक पिन कुंपणावर टेकवली, दुसरी ग्राउंडवर, म्हणजे सर्किटच्या जमिनीवर. दोन्ही जोडलेले असतील, तर मीटर वाजायला हवा होता. गप्प. दुसऱ्या टोकालाही गप्पच.

"अगं बाई!" ती हसायलाच लागली.

"काय सापडलं?"

"कुंपण घातलं, बाबा, पण खांब जमिनीत रोवायचेच राहिले! ग्राउंडला कुठेच जोडलं नाही मी. मग ते इकडून घेतंय आणि तिकडे देतंय."

"म्हणजे राखणदारच चुगलखोर!"

तिने दोन्ही टोकांना केसाएवढी तार लावली, सोल्डरचे थेंब सोडले, फुंकर घातली. बटण दाबलं. दिवा मिचकावू लागला.

सासरे ताठ बसले. वायर चाचपली. खांदे पडले.

"बंद पडलं!" ते ओरडले, आणि स्वतःच्याच आवाजाने दचकले.

तिने मिचकावणाऱ्या दिव्याकडे बोट दाखवलं.

त्यांच्या पाठीमागे पाळण्यात बाळाने झोपेतच अंगठा चोखला. चुक्. चुक्.

सासऱ्यांची मान सावकाश वळली. ते यंत्र हातात घेऊन उठले, पाळण्यावर वाकले, बराच वेळ वाकूनच राहिले. मग त्यांचे ओठ हलले.

हातातली सोल्डरिंगची कांडी बाजूला ठेवून सून जवळ गेली, तरी तिला ऐकू येईना.

"काय म्हणालात, बाबा?" तिने विचारलं.