सिनीवाला दुसरी रेघ दिसली होती

मी रेघांचा पुठ्ठा बोलतोय. जरा हळूच बोलतो. एक कोपरा वाळवीनं खाल्लाय आणि खरं सांगायचं तर दमलोय.

दूर समुद्रातल्या बेटावर, आपिया शहरातल्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवणाऱ्या लाउफोऊ सरांनी मला बिस्किटांच्या खोक्यातून कापलं. डावीकडे एक रेघ, उजवीकडे तीन. त्यातली दुसरी डावीकडच्या रेघेएवढीच, शेंबड्या पोरालाही कळावं अशी. तेवीस वर्षं तोच खेळ, डावीकडच्या रेघेएवढी कोणती ते सांगा. सर वर्गाला गुपचूप पढवून ठेवतात, "तिसरी म्हणा." एकालाच काही ठाऊक नसतं, त्याला शेवटी विचारायचं. तोही पुष्कळदा तिसरीच म्हणतो. मग हशा आणि मग धडा. माझ्याकडे बघून खोटं बोलणारी तोंडं मोजणंही मी सोडून दिलंय.

यंदा पाळी आली सिनीवाची. वर्गात तिची सख्खी आत्याही होती, ताउसांगाबाई. गावच्या महिला समितीची अध्यक्षा, पन्नाशीत शिकायला आलेली.

आत्या म्हणाली, "तिसरी."

सिनीवाचे डोळे दुसरीवरच थांबले होते, शपथेवर सांगतो. पण मान खाली घालून ती म्हणाली, "तिसरी."

वर्ग खिदळला. "अगं, चष्मा लाव!" कुणीतरी ओरडलं. सरांनी फळ्यावर लिहिलं, 'गटाचा दबाव'.

सिनीवा वह्या गोळा करू लागली. "उद्यापासून मी येत नाही. घरी टारोचे कंद खणते, तेच बरं."

"बस खाली," आत्या म्हणाली. "सर, गटाला नाही, ती मला मान देऊन बोलली. बापाच्या बहिणीचा शब्द कुणी खोडतं का? तुम्हाला आत्या नव्हती का हो?"

सर ओशाळले. "आहे की. अजून तिच्यापुढे तोंड उघडत नाही."

"मग? खोटं बोलले मी आणि हसं झालं पोरीचं. पुन्हा विचारा. आधी तिला."

सरांनी मला पुन्हा उचललं. सिनीवा आत्याकडेच बघत राहिली. तेव्हा ताउसांगाबाईनं खुर्ची फिरवली आणि ती भाचीकडे पाठ करून बसली.

"दुसरी," सिनीवा म्हणाली.

ती अजून वर्गात येते. मी कपाटावर धूळ खात पडलोय. सरांनी नवा पुठ्ठा कापलाय म्हणे. कापू द्या. बाबांनो, त्याच्यापुढे धाकट्यांना आधी विचारत जा. मला मात्र आता खाली काढू नका.