सगळ्यात भक्कम कुलूप

दुपारी तीन वाजता बंद पडलेल्या गोदामात चारशे माणसं एका कुलपाकडे डोळे लावून उभी होती. कुलूप साखळीला, साखळी माझ्या वहिनीच्या कमरेला, आणि वहिनीच्या पाठीवर ओल्या दोराचे फटके. मारणारा माझा सख्खा धाकटा भाऊ. रडत होता आणि मारत होता.

"हात थांबवू नकोस!" कुलूपबुवा गरजला. "तू तिला नाही मारत, आतल्याला मारतोयस! ए आतल्या, कडी सोड!"

"कडी सोड!" चारशे गळे ओरडले.

बुवाची पद्धत सांगते. अंगात कुणी शिरलंय असं वाटलं की त्या माणसाला इथे आणायचं. कुलूप घरच्यांनीच आणायचं, नवंकोरं, कुठलंही. किल्लीही त्यांच्याच खिशात. बुवा तिला बोटसुद्धा लावत नसे, केवढा प्रामाणिक! साखळीला कुलूप लावलं की तो ते काळ्या फडक्याखाली मुठीत घेऊन मंत्र पुटपुटायचा आणि घरचा माणूस दोर चालवायचा. किल्लीशिवाय कुलूप उघडलं की आतला पळाला. आणि कुलूप उघडायचंच. त्यापुढे शिकलेसवरलेलेही हात जोडायचे.

वहिनीचं काय झालं होतं? पाच दिवसांचं बाळ तिच्या मांडीवर गेलं होतं. तेव्हापासून तीन महिने ती एक शब्द बोलली नव्हती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, हा दुःखाचा आजार आहे, औषध आहे, वेळ लागेल. भावाला वेळ नव्हता. त्याला चमत्कार हवा होता.

आणि त्या चमत्काराला हातभार मी लावला होता.

मी शिवणयंत्रं दुरुस्त करते. आठ महिन्यांपूर्वी कामावरच्या कपाटाची किल्ली हरवली, तिथून मला कुलपांचा नाद लागला. छत्रीची काडी घासून सळई केली, गाडीच्या वायपरमधली पट्टी वाकवली आणि संध्याकाळी ओट्याशी कुलूप घेऊन बसू लागले. आई म्हणायची, "चोऱ्या करणार आहेस का या वयात?" मी म्हणायचे, "अगं, माझंच कुलूप आहे, मीच उघडते." साधी कुलुपं महिन्याभरात जमली. एकच कुलूप हट्टी निघालं. ते मी सात महिने झुंजून उघडलं. त्याच आठवड्यात भावाने विचारलं, "ताई, सगळ्यात भक्कम कुलूप कुठलं गं?"

मी फुशारकीने माझंच कुलूप दाखवलं. "डोळे मिटून असलंच विकत घे!" मला वाटलं, दाराला लावायचं असेल.

रविवारी शेजारीण धावत सांगायला आली तेव्हा कळलं. गोदामात शिरले आणि वहिनीच्या कमरेला ते ओळखीचं पितळ चमकताना दिसलं.

चाळीसाव्या फटक्याला फडक्याखाली बुवाची मूठ केसभर वळली आणि अडली. "अर्धा सुटला!" बुवा किंचाळला. "मारा! जोरात मारा!"

ते केसभर वळणं मी हजार वेळा अनुभवलं होतं.

कुलपाच्या आत एक फिरणारी नळी असते. स्प्रिंग लावलेल्या पिना तिला अडवून धरतात. किल्लीचे दाते त्यांना नेमक्या उंचीवर उचलतात, मग नळी फिरते. किल्ली नसेल तर नळीवर जरासा ताण ठेवून सळईने एकेक पिन उचलायची. एवढाच मंत्र. पण या कुलपात काही पिना दोऱ्याच्या रिळासारख्या, कंबर असलेल्या. त्यांच्या कमरेत नळी केसभर वळते आणि अडकते. वाटतं, जमलं! काही जमलेलं नसतं. जेवढा जोर लावाल तेवढी पिन घट्ट बसते. हात सैल सोडावा लागतो. मला हे कळायला पाच महिने लागले.

बुवा जोर लावत होता. त्याला हे कुलूप येतच नव्हतं. आणि ते उघडेपर्यंत दोर थांबणार नव्हता.

शेजारणीच्या सासूला अकरा फटक्यांत सोडवलं होतं, कुलूप तकलादू होतं. रंगाऱ्याच्या मुलीला साठ बसले, हात कायमचा वाकडा झाला. रंगाऱ्याने चांगलं कुलूप आणलं होतं. मुलीवर जीव होता त्याचा.

मी गर्दी फाडत पुढे गेले आणि दोराखाली हात घातला. डाव्या हाताची दोन बोटं कडकन मोडली.

"हिच्यातही शिरला!" बुवा ओरडला. "धरा!"

दोघांनी माझे केस धरून मला मागे ओढलं. एकाने कानशिलात हाणली, तोंडात रक्त आलं. पण उजव्या हातात फडकं आलं होतं. मी ते खेचलं.

कुलपाच्या भोकात सळई लोंबत होती. तिच्याखाली वाकडी पट्टी.

"हा बघा मंत्र!"

"ती सिद्ध सळई आहे!" बुवा म्हणाला.

"मग ही पण सिद्धच." मी ॲप्रनच्या खिशातून माझी काढली. "आमच्या आईच्या छत्रीची आहे. एकही फटका न मारता उघडते. नाही उघडलं तर मला बांधा आणि मारा."

बुवाचे दोन पठ्ठे पुढे सरसावले. भाऊ मध्ये आला. पहिल्याच्या तोंडावर त्याने दोराची गाठ अशी हाणली की तो दातांसकट खाली बसला. "ताईला उघडू दे," भाऊ म्हणाला.

ताण डाव्या हाताने द्यायचा असतो. मोडलेल्या बोटांनी मला जोर लावताच येत नव्हता. कुलपाला नेमकं तेच हवं होतं. गोदामात फक्त वहिनीचा घरघरता श्वास ऐकू येत होता. एक पिन. दुसरी. नळी केसभर वळली, अडली. मी हात आणखी सैल केला. नळी जराशी मागे आली, रिळाची पिन सुटून वर गेली.

खट्. कडी उघडली.

मी कुलूप परत लावलं आणि सगळ्यांसमोर पुन्हा उघडलं. तेव्हा रंगारी पुढे आला.

"बाई, माझ्या मुलीला साठ का?"

"काका, तुमचं कुलूप चांगलं होतं."

त्याला समजायला क्षणभर लागला. मग त्याने साखळी उचलली आणि बुवाच्या तोंडावर घातली. दुसरा घाव मी अडवला. "मारू नका! हा मेला तर उद्या याची समाधी बांधाल तुम्हीच! जिवंत ठेवा. पोलिसांसमोर फडकं न घेता उघडून दाखवू दे."

वहिनीच्या तीन बरगड्या मोडल्या होत्या, पाठीला बावीस टाके. औषध आता नियमाने चालू आहे. सहाव्या आठवड्यात ती म्हणाली, "खिडकी उघडा." तेवढंच. डॉक्टर म्हणाले, पुष्कळ आहे.

वाचणाऱ्यांनो, तुमच्या घरात कुणी बोलेनासं झालं, रात्री किंचाळू लागलं, तर त्याला दवाखान्यात न्या. आणि कुणी फडक्याखाली हात घालून चमत्कार दाखवू लागला तर हात जोडू नका, फडकं ओढा.

त्या रविवारी रात्री वॉर्डबाहेर भाऊ खाली मान घालून बसला होता. "ताई, तुला तरी किती वेळ लागला असता, दोन बोटं धड असती तर?"

"चार-पाच मिनिटं."

"आणि त्याहून लवकर?"

मी त्याच्या शर्टाच्या खिशात हात घातला. शर्ट दुपारचाच होता. किल्ली आतच होती. मी ती त्याच्या तळहातावर ठेवली.

"दोन सेकंद," मी म्हणाले.