होडीवाली, पान ८७

माझी सासू म्हणते, मला चौकशा करायची खोड आहे आणि ती माझ्याबरोबरच जाणार. ग्रंथपालाला एवढी चौकशी लागतेच, असं मी तिला ठणकावून सांगते. खरं म्हणजे शेजारी कोण आलं होतं हे कळल्याशिवाय मला जेवण जात नाही.

आमच्या वाचनालयाने गावाच्या इतिहासाचं एक जुनं पुस्तक पुन्हा छापायला घेतलं होतं. पन्नास वर्षांपूर्वी शाळेच्या हेडमास्तरांनी ते लिहिलं, तीनशे प्रती निघाल्या, आणि आता शिल्लक फक्त आमच्या कपाटातली एक. हेडमास्तर जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या मुलीने, म्हणजे ताईंनी, परवानगी दिली ती एका अटीवर : बाबांनी लिहिलं तसंच छापायचं, कानामात्रा बदलायची नाही. ताईही शाळेत शिकवायच्या. सातवीत त्यांनी मला भूमितीत नापास केलं होतं, तेव्हा वाद घालायची माझी प्राज्ञा नव्हती.

नव्या छपाईत पानं सरकली, म्हणून शेवटची सूची नव्याने करणं आलं. कोणता शब्द कोणत्या पानावर, एवढंच काम. लोकांना ते कंटाळवाणं वाटतं. मला मटार सोलण्यासारखं वाटतं, हात चालू आणि डोकं मोकळं. 'ह'पर्यंत पोचले आणि अडले. 'होडीवाली, ८७.' पान ८७ वर होडीवाली नव्हती. होडीही नव्हती. तिथे भाजीबाजाराचं वर्णन होतं, तेही ओढूनताणून. एरवी दोन ओळींत लढाई उरकणाऱ्या हेडमास्तरांनी इथे भोपळ्याला चार ओळी दिल्या होत्या.

सगळं पुस्तक पालथं घातलं. होडीवालीचा पत्ता नाही. ताईंना फोन केला.

"मग काढून टाक ती नोंद," ताई म्हणाल्या. "पुस्तकात नाही ते सूचीत कशाला?"

"पण सरांनीच लिहिलीये ना ती?"

"पुरावा आण. शुक्रवारी काम छापखान्यात जातंय. तोवर सापडलं तर बरं, नाहीतर ती ओळ कापायची."

फोन ठेवला आणि मला वाईट वाटलं. ही बाई कोण, मला ठाऊक नव्हतं. पण अख्ख्या जगात तिची एवढी एकच ओळ उरलेली असेल आणि ती माझ्या हाताने खोडायची, हे काही केल्या पटेना. मी पुस्तक खिडकीशी नेऊन पान ८७ उजेडात धरलं. बाकीच्या पानांपेक्षा ते जरा पांढरं होतं. मुळाशी बोट फिरवलं तर तिथे कापलेल्या कागदाची अरुंद कड लागली, आणि हे पान त्या कडेवर चिकटवलेलं होतं.

त्या दिवशी बुधवार होता. बुधवारी आमच्याकडे फाटकी पुस्तकं शिवायला बाइंडरकाका येतात. वय सत्तरीच्या पुढे, बोलणं मोजकं, आणि हाताला सदैव खळीचा वास. मी पुस्तक त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी उघडूनही पाहिलं नाही.

"ते पान मागून चिकटवलंय," ते म्हणाले. "मूळचं कापून."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मीच कापलं. तीनशे पुस्तकांतलं. तीन दिवस लागले."

मग एकेक करून सगळं बाहेर आलं. काका तेव्हा बावीस वर्षांचे, छापखान्यात नोकरीला. पुस्तकं बांधून तयार झाली आणि तेव्हाच्या नगराध्यक्षांनी पान ८७ वाचलं. छापखान्याचं निम्मं काम नगरपालिकेचं. पाण्यात राहून माशाशी वैर कोण घेतो? हेडमास्तर खूप भांडले, पण मालकांनी त्यांना न विचारताच नवं पान छापून घेतलं. भोपळा मालकांचा होता तर. सूची पार शेवटी, तिकडे कोणाचं लक्षच गेलं नाही.

"आणि ही होडीवाली कोण?" मी विचारलं.

काकांनी खळीतला ब्रश काढला, निथळवला आणि पुन्हा खळीतच ठेवला. "माझी आई."

  "आणि तुम्हीच कापलंत?" मी म्हणाले.

"नोकरी होती. शिवाय दुसऱ्या कोणी कापलं असतं तर जास्त लागलं असतं." त्यांनी हात पुसले. "मालकांनी पानं मोजून मागच्या अंगणात जाळली. दोनशे नव्व्याण्णव. एकावर खळ सांडली, वाया गेलं, असं मी सांगितलं."

"मग ते कुठे आहे?"

"इथेच."

बाइंडर पुस्तकाच्या पाठीला बळकटी यावी म्हणून आतून रद्दी कागदाची उभी पट्टी चिकटवतात. त्या वर्षी वाचनालयाची पुस्तकं बांधायला छापखान्यात गेली होती. काकांनी आईचं पान उभं कापून तीन पट्ट्या केल्या आणि कोणी फारसा हात लावणार नाही अशा तीन जाडजूड पुस्तकांच्या पाठीत घातल्या. घरी ठेवलं असतं तर मालकांना कळायची भीती. गेली पंधरा वर्षं मी रोज त्या कपाटांवरून फडका फिरवत होते. काखेत कळसा अन् गावाला वळसा, दुसरं काय.

"कायद्याचा कोश," काका म्हणाले. "वजनमापांची कोष्टकं. आणि कोंबडीपालन."

पहिली दोन जागच्या जागी होती. काकांनी ओला फडका पाठीवर ठेवून खळ मऊ केली, बोथट सुरीने हलकेच उचललं, आणि पिवळ्या पडलेल्या दोन पट्ट्या निघाल्या. पानाचा डावा भाग आणि मधला. कोंबडीपालनात मात्र काकांचा अंदाज चुकला होता. मध्यंतरी गावात जो तो कोंबड्या पाळायला निघाला, आणि त्या पुस्तकाच्या चिंध्या झाल्या. अकरा वर्षांपूर्वी ते रद्दीत घातलं होतं. घालणारी मीच. काकांसमोर मला रडू आलं आणि ते मी लपवलंही नाही.

फोनवर सगळं ऐकून गुरुवारी दुपारी ताई आल्या. टेबलावर काचेखाली दोन पट्ट्या शेजारी शेजारी मांडल्या होत्या. ताईंनी चष्मा वर केला. "प्रत्येक ओळीचं शेपूटच नाही. हे छापायचं कसं?"

मी काकांकडे वळले. "तुम्हाला आठवत असेल ना?"

"पाठ आहे. प्रत्येक पान कापण्याआधी वाचत होतो."

"मग कालच का नाही सांगितलंत?"

"आईबद्दल पोराच्या तोंडचं कोण छापतं?"

ताईंनी काच स्वतःकडे ओढली आणि परीक्षा घ्यायला बसल्यासारखा हाताचा आडोसा धरला. "म्हणा तुम्ही. मी इथे बघते."

काकांनी हात मांडीवर ठेवले आणि सुरुवात केली. "'महापुराच्या साली पूल वाहून गेला, तेव्हा एकोणीस दिवस गाव एका होडीवर जगले. पहिल्याच फेरीस नगराध्यक्षांच्या वडिलांनी आपली तिजोरी होडीत चढवली. होडीवालीने ती उचलून पुन्हा काठावर ठेवली व म्हणाली, हिला बुडायची भीती असेल तर हिला इथेच राहू द्या, आधी माणसे.'"

ताई फिस्सकन हसल्या. त्यांना हसताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. त्यांचं बोट ओळीमागून ओळ सरकत होतं. जिथे कागद होता तिथे अक्षरन् अक्षर जुळत होतं, आणि जिथे नव्हता तिथे काकांचे शब्द कापलेल्या जागेत नेमके बसत होते.

"'डॉक्टर, औषधे, धान्य व दोन बाळंतिणी तिनेच पार केल्या. दिडकी घेतली नाही. घरी दुसरे कोणी नसल्याने तिचे चार वर्षांचे पोर त्या सर्व दिवसांत होडीच्या टोकाशी दोरीने बांधलेले असे.'"

ताईंचं बोट थांबलं. "'टोकाशी'नंतर कापलंय. 'दोरीने', हे नक्की आठवतं तुम्हाला?"

"दोरी आठवते," काका म्हणाले. "कमरेला काचायची."

 ताईंनी चष्मा काढून पदराआड डोळे टिपले आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "छाप. आणि सूचीत एक नोंद वाढव. 'पोर, होडीतले.'"

"कानामात्रा बदलायची नाही म्हणाला होतात."

"भूमितीतही तू भलत्याच जागी डोकं चालवायचीस. लिही."

नव्या पुस्तकात दोघंही पान ९१ वर आहेत. वाचनालयाची प्रत काकांनी स्वतः शिवली. शिक्का मारायला माझ्याकडे देण्याआधी त्यांनी पान ९१ उघडलं, चिमटीत धरलं आणि ओढून पाहिलं. सुटलं नाही. पुन्हा एकदा, जरा जोराने ओढलं. मग पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं.